मिझुरीतली मिलिशिया नक्की कोणाची?

अमेरिकी यादवी युद्धात उत्तर म्हणजे संघराज्याची बाजू आणि दक्षिण म्हणजे त्यातून फुटलेली राज्यं. त्या युद्धातल्या मिझुरी राज्याबद्दल एक दावा सतत पुढे केला जातो: सरकारी मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या सशस्त्र दलात, होते ते उत्तरेचे, झाडीत लपून लढले ते दक्षिणेचे, तट सरळ दोनच, आणि राज्य फुटून निघालंच नाही, म्हणजे तिथे गुलामगिरीचा प्रश्न नव्हता.

मिलिशियापासून सुरुवात करू. जुलै १८६२ मध्ये उत्तरेच्या जनरल स्कोफिल्डने फर्मान काढलं की धडधाकट पुरुषांनी मिलिशियात दाखल व्हावं. दक्षिणेकडे कल असणाऱ्यांनी तशी नोंद करून हत्यारं जमा करायची. कुंपणावर बसायची सोयच संपली. कोणी मुकाट भरती झाले, कोणी झाडी गाठली. अशा हजेरीपटावरून मनातली निष्ठा कशी वाचणार?

प्लॅट आणि क्ले या मिझुरीतल्या काउंट्यांत (जिल्ह्यांत) तर कहर झाला. १८६३ मध्ये तिथे मिलिशियाच्या ८१ आणि ८२ क्रमांकाच्या रेजिमेंटी उभ्या राहिल्या, त्यांत दक्षिणेकडे झुकलेल्यांचा भरणा. काही तर दक्षिणेच्या सैन्यातून परतलेले! नदीकाठच्या पॉपॉ या रानफळाच्या झाडीत लपणारे म्हणून लोकांनी नाव ठेवलं ‘पॉपॉ मिलिशिया’. त्यांना बंदुका कशाला दिल्या? शेजारच्या कॅन्ससमधून लुटायला येणाऱ्या टोळ्यांपासून गावं राखायला. गंमत म्हणजे त्या टोळ्याही उत्तरेचंच नाव घेत. जुलै १८६४ मध्ये दक्षिणेचा अधिकारी थॉर्नटन प्लॅट सिटीत आला, तेव्हा यातले बरेच जण त्याला जाऊन मिळाले. सगळे नव्हे. पाठोपाठ आलेल्या उत्तरेच्या फौजांनी शहर जाळलं.

‘तट सरळ दोनच’ हेही टिकत नाही. ऑगस्ट १८६३ मध्ये उत्तरेच्याच जनरल युइंगने कॅन्ससच्या सीमेवरच्या काउंट्या रिकाम्या करायला लावल्या. लष्करी ठाण्यांलगतचा भाग सोडला, तर निष्ठा सिद्ध करणाऱ्यालाही घर सोडावं लागलं. त्या हुकमाविरुद्ध चित्र रंगवणारा जॉर्ज कॅलेब बिंगहॅम उत्तरेचाच कट्टर समर्थक होता.

गुलामगिरीचा मुद्दा तर पार उलटा आहे. क्ले काउंटीत १८६० मध्ये सुमारे चौथाई लोक गुलाम होते. राष्ट्राध्यक्ष लिंकनची १८६३ ची गुलामांच्या मुक्तीची घोषणा फुटलेल्या राज्यांपुरती होती; मिझुरी फुटलं नाही, म्हणूनच ती तिथे लागू झाली नाही; गुलामगिरी ११ जानेवारी १८६५ पर्यंत कायदेशीर राहिली. संघराज्यात राहिलो तरच आपले गुलाम टिकतील, असा हिशोब कित्येक मालकांनी केला होता. गुलामांचा हिशोब वेगळा होता. ते सीमा ओलांडून कॅन्ससला पळत, आणि ऑक्टोबर १८६२ मध्ये त्यांतलेच काही बंदुका घेऊन मिझुरीत परतले. बेट्स काउंटीत आयलंड माउंडला ते दक्षिणेच्या गनिमांशी लढले, तेव्हा उत्तरेच्या सैन्याने त्यांच्या रेजिमेंटला रीतसर दाखलही करून घेतलं नव्हतं.