"घराण्यातच उंची नाय" म्हणे

भावाची मुलगी नुकतीच 2 वर्षांची झाली, अंगणवाडीत उंची मोजली तर 78 सेंमी. या वयाला साधारण 86 भरते. आमची आई म्हणे, आपल्या घराण्यात कोण उंच हाय, आणि पोर गुटगुटीत तर आहे! गंमत अशी की उंचीच कमी असली की आहे तेवढं वजनही शोभून दिसतं, म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही.

आणि ते घराण्याचं काय ते पण सांगते. ज्या तक्त्यावरून उंची बघतात तो जागतिक आरोग्य संघटनेने 6 देशांतली मुलं मोजून केलाय, त्यात दिल्लीची पण होती आणि नॉर्वेची पण. नीट खायला-प्यायला मिळालं तर पाच वर्षांपर्यंत सगळीकडची पोरं जवळपास सारखीच वाढतात. आपल्या महाराष्ट्रात 2019-21 च्या सर्व्हेत पाचाखालची 100 पैकी 35 मुलं खुजी निघाली, एवढी सगळी काय आजीवर गेली का?

माझं म्हणणं एवढंच की आपण शिकवतो चुकीच्या माणसाला. वहिनीला सगळं पाठ आहे, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणी पण नाही, मग दिवसातून दोन-तीनदा घट्टसर भरवायचं, वगैरे. पण चूल आईच्या हातात, भाऊ मुंबईला, वहिनी बोलणार कोणापुढे? आमच्या अंगणवाडीताई हुशार (मोबाईलवर माहिती भरण्यातून वेळ मिळतो कधी देव जाणे), तिने दुपारी आमच्या पडवीत वाडीतल्या फक्त आज्यांना बोलावलं. पोस्टर नाही, भाषण नाही. विचारलं, तुम्ही तुमच्या पोरांना काय भरवायचात? मग काय, सगळ्या सुटल्याच! नाचणीची पेज, कुळथाची पिठी, मऊ भातात काटा काढून बांगडा. ताई म्हणाली, मग नातवंडांना चहात बुडवून बिस्कीट का? सगळ्या गप्प. नंतर तिथेच जवळा भाजून, कुटून पेजेत घालून दाखवला, वास सुटल्यावर आईच पुढे सरकली.

भाचीची राहिलेली उंची सगळी भरून येईल असं नाही, वाढीला सगळ्यात महत्त्वाचे पहिले 1000 दिवस, ते पोटातल्या नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत मोजतात आणि ते तिचे संपले. पण वहिनीला आता चौथा महिना आहे. 1 जूनपासून मासेमारी बंद, म्हणून आईने जवळ्याचे दोन डबे भरून ठेवलेत, आणि काल मला फोनवर दम दिलान, एक सूनबाईचा हाय, आलीस तरी हात लावायचा नाय.