त्याग म्हणू नका

आज एका साखरपुड्याला गेले होते. पंगतीत नात्यातल्या एका काकूंनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "एमएस्सी, तीही फर्स्ट क्लास, आणि सगळं आयुष्य ऊसतोड्यांच्या पोरांत घातलंस. केवढा त्याग गं!" शेजारच्या दोघी-तिघी हळहळल्या. शुभकार्यात तोंड उघडलं नाही, पण घास उतरेना. म्हणून इथं लिहितेय.

कसला त्याग? मी सोडलं काय?

बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर मला एकोणीस वर्षं झाली. दसरा-दिवाळी झाली की आमचं गाव रिकामं होतं. ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी मजुरांची मोजणी. ती उचल फेडायला सांगली, कोल्हापूर, कुणी थेट कर्नाटकात जातं. येतात ते मार्च-एप्रिलात. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक लेकराला शिक्षणाचा हक्क आहे असं 2009 चा कायदा सांगतो. पण मागं भाकरी करून घालणारं कुणी नसलं की लेकरू गाडीत बसतं.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. पहाटे दार वाजलं. चौथीतली पोर, कडेवर धाकटा भाऊ. रस्त्यावर ट्रक भरून उभा, बाप हाका मारतोय. तिनं दप्तर माझ्या हातात दिलं. "बाई, तुमच्यापाशी ठेवा. तिकडं कोपीत उंदरं कुरतडतेत." आणि पळाली.

रात्री मी वही उघडली. तेराचा पाढा तेर सक अठ्ठ्याहत्तरवर थांबलेला.

"शिकून शेवटी कोयताच धरायचा ना!" असं आज तिथंच कुणीतरी म्हणालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुमच्या चहातली साखर कुणाच्या हातची आहे? त्या हातांच्या लेकरांना शिकवणं म्हणजे आयुष्य वाया घालवणं, आणि शहरात क्लास काढून लाखांच्या फिया घेतल्या असत्या तर मी हुशार? त्याग त्या पोरीच्या आईला विचारा. ती अंधारात उसाच्या फडात उतरते, मोळ्या डोक्यावर वाहते.

हो, झेडपीचे सगळेच मास्तर काही मन लावून शिकवत नाहीत, मान्य. आणि माझा पगार महिन्याला येतो, हेही खरं. पण म्हणूनच तर मला त्यागमूर्ती करू नका.

एप्रिलात ती पोर परत आली. हाताला भेगा, रंग रापलेला. बसायच्या आधी विचारलं, "बाई, माझं दप्तर?" कपाटातून काढून दिलं. तिनं ते पान बरोबर काढलं आणि खाली लिहिलं, तेर साते एक्क्याण्णव. मग न अडखळता तेर दाही एकशे तीसपर्यंत. मी विचारलं, इतके महिने ध्यानात कसं राहिलं? म्हणाली, "भावाला झोका देताना म्हणायचे."

त्या दिवशी मला जे मिळालं ते कुठल्या कॉलेजात मिळालं असतं, सांगा.

गोष्ट इथं थांबवली तर खोटं होईल. दहावीनंतर तिचं लग्न लावलं. अठरा पूर्ण नव्हती. मला कळलं तेव्हा हळद लागून गेली होती. ते अजून सलतं. पुढं तिच्याही हातात कोयता आला.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ती माहेरी आली. सोबत सहा वर्षांची पोर. आजीपाशी ठेवून, आमच्या शाळेत पहिलीत नाव घालायचं होतं. "हिला गाडीत बसवणार न्हाई, बाई." नवं दप्तर तिनं स्वतः आणलं होतं.

या हंगामातही ती पोर इथंच आहे, मागं राहणाऱ्या लेकरांसाठीच्या हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव आहे. बाकीच्यांच्या गाड्या परवा भरतायत. जाणाऱ्या तेवीस लेकरांची शिक्षण हमी कार्डं उद्या लिहायचीत, तिकडच्या शाळेत दाखवायला. कपाटाचा खालचा कप्पाही रिकामा करायचाय. दोघांनी आत्ताच विचारून ठेवलंय, "बाई, दप्तर ठेवू का?"