पंचगंगेत शिंपले ठेवून बघाच

शिंपल्यांच्या मांसावरून नदी-तलावातलं विष ओळखता येतं, असं एका लेखात वाचलं; हा मुद्दा आपल्या कोल्हापूरनं मनावर घ्यायला हवा. पंचगंगेत मासे तरंगले की धावपळ होते, बाटल्या भरून नमुने जातात. पण तोवर ते पाणी शिरोळकडे वाहून गेलेलं असतं. बाटलीत सापडतं ते फक्त त्या घटकेचं पाणी. शिंपला मात्र एका जागी बसून सतत पाणी गाळतो आणि शिसं, कॅडमियम यांसारखे धातू त्याच्या अंगात साठत जातात. रात्री गुपचूप सोडलेल्या सांडपाण्याचा मागही त्यातून लागू शकतो. पोलंडच्या वॉर्सा शहरात तर पिण्याच्या पाण्यावर शिंपल्यांचा पहारा आहे; पाणी बिघडलं की ते मिटतात आणि सेन्सर इशारा देतो.

प्रयाग चिखलीचा संगम, जयंती नाल्याच्या खालची बाजू आणि इचलकरंजीच्या पुढे जाळीच्या पिंजऱ्यात स्वच्छ पाण्यातले शिंपले ठेवावेत. रंकाळा तलावातही ठेवावेत, कारण निळ्या-हिरव्या शेवाळाचं मायक्रोसिस्टिन हे विषही त्यांच्यात साठतं. पाण्यातला ऑक्सिजन फारच उतरला तर शिंपलेच मरतील, म्हणून नेहमीची तपासणी अजिबात थांबवू नये. आणि निकाल फायलीत न ठेवता नदीतले मासे-शिंपले खाणाऱ्यांना आधी सांगा.