‘फोर बाय फोर विकत घेऊ नका, लीजवर घ्या’: या मेसेजमधला हिशेब कुठे चुकतो

पावसाळा जवळ आला की नाशिकमधल्या ट्रेकिंगच्या आणि गाड्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द इकडेतिकडे बदलतात, सार हेच: “वीस लाख घालून फोर बाय फोर घेणं म्हणजे पैसे पाण्यात. तीच गाडी महिना २९,९९९ रुपयांत लीजवर मिळते. डाउन पेमेंट नाही. इन्शुरन्स, सर्व्हिस त्यांच्याकडे. तीन वर्षांत गाडीची किंमत निम्मी होते, ते नुकसान त्यांचं. टॅक्स वाचतो. कर्जावर घेतली तरी गाडी बँकेचीच असते. शिवाय सिंहस्थात भाड्याने लावली की हप्ता सुटतो.”

गंगापूर रोड ते अंबड एवढंच जाणं-येणं असेल, तर यातली एक-दोन वाक्यं खरी ठरू शकतात. पण फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी. ती हरसूल-पेठच्या पाड्यांवर, इगतपुरीच्या पावसात किंवा निफाड-दिंडोरीच्या काळ्या मातीत घालायची असेल, तर हिशेब उलटतो. लीजचा करार डांबरी रस्ता डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला असतो. ज्या कामासाठी फोर बाय फोर घ्यायची, नेमक्या त्याच कामाचे पैसे तो शेवटी तुमच्याकडून वेगळे वसूल करतो. आता एकेक दावा घेऊ.

“महिना २९,९९९ रुपये”

आधी या आकड्यापुढचं ‘अधिक जीएसटी’ शोधा. गाडी चालकाशिवाय भाड्याने दिली तर भाड्याला गाडीच्या विक्रीचाच दर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून २.२ लिटर डिझेल थार फोर बाय फोर किंवा १.५ लिटर पेट्रोल जिम्नीला हा दर ४० टक्के आहे. दोन्ही गाड्या चार मीटरच्या आत बसतात, पण इंजिन लहान गाडीच्या मर्यादेपेक्षा मोठं आहे. म्हणजे २९,९९९ चे ४१,९९९ होतात. सर्व्हिसचं बिल वेगळं फाडलं तर तेवढ्या भागाला १८ टक्के लागतात. मोठा वाटा गाडीच्या भाड्याचाच असतो.

फोटोत फोर बाय फोर आणि कोटेशनमध्ये मागच्या चाकांवर चालणारी १.५ डिझेल थार, असंही होतं. तिला १८ टक्के जीएसटी आहे, म्हणून हप्ता गोड दिसतो. पण तिच्यात ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांकडेही ताकद वळवणारा गिअरबॉक्स) नाही आणि ४एल (चारही चाकांना संथ पण जास्त जोर देणारा गिअर) नाही. चिखलाच्या चढावर ती अडकून पडेल. कोटेशनवर व्हेरिएंटचं पूर्ण नाव लिहून घ्या.

आता खरेदीची बाजू. ऑन-रोड किंमत २० लाख धरू. ४ लाख खिशातून, १६ लाख कर्ज, ९.५ टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता ३३,६०३ रुपये. तीन वर्षांत ३६ हप्त्यांचे १२.१० लाख गेले आणि कर्ज ७.३२ लाख उरलं. गाडी १२ लाखांना विकली, तर कर्ज फेडून ४.६८ लाख हातात. म्हणजे निव्वळ खर्च ११.४२ लाख. त्यात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विमा, सर्व्हिस आणि टायर यांचे दीड लाख घाला. सुरुवातीच्या ४ लाखांवरचं ७ टक्क्यांनी बुडालेलं व्याज, साधारण ९० हजार, तेही घाला. एकूण १३.८२ लाख, म्हणजे महिन्याला ३८,४००. मेसेजमधली लीज ३६ महिन्यांत १५.१२ लाख घेते आणि शेवटी किल्लीही परत घेते.

यातला सगळ्यात नाजूक आकडा विक्रीच्या किमतीचा आहे. ती १ लाखाने बदलली की महिन्याचा आकडा सुमारे २,८०० ने हलतो. गाडी १४ लाखांना गेली तर खर्च ३२,८०० वर येतो. उलट कोणी जीएसटीसकट, विम्यासकट ३५,००० ला लीज देत असेल आणि गाडी १२ लाखांनाच विकली जाणार असेल, तर लीज स्वस्त पडेल. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या बँकेचा दर आणि मुदतीआधी कर्ज फेडण्याचा आकार घालून मांडणी पुन्हा करा. आणि तीन वर्षांनी विकायचीच नसेल, सात-आठ वर्षं वापरायची असेल, तर पाचव्या वर्षानंतर हप्ता संपतो. लीजमध्ये तो दिवस कधी येत नाही.

“तीन वर्षांत किंमत निम्मी”

हा आकडा विम्याच्या आयडीव्हीच्या (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) तक्त्याशी गल्लत करून आलेला दिसतो. त्या तक्त्यात दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के घसारा आहे, ५० टक्के चार ते पाच वर्षांच्या गाडीला. बाजारभावाचा या तक्त्याशी थेट संबंध नाही. नाशिकच्याच कारखान्यात तयार होणाऱ्या थारला जुन्या बाजारात गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही. घसरण लीज कंपनी सोसते हेही खरं नाही. मुदतीअखेर गाडीची किंमत किती उरेल ते ती आधी ठरवते, सावधपणे कमीच धरते, आणि मधला फरक व्याजासकट तुमच्या भाड्यात घालते. बाजारात गाडी त्यापेक्षा महाग गेली तर वरचा फायदा तिचा.

“इन्शुरन्स, सर्व्हिस त्यांच्याकडे”

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून जरा थांबून बघू. लीजमधली सर्व्हिस म्हणजे कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे होणारी सर्व्हिस. ऑफ-रोडचा खर्च त्या वेळापत्रकात नसतो.

ओढा ओलांडण्याचंच घ्या. थारची पाण्यात उतरण्याची कमाल खोली ६५० मिलिमीटर दिलेली आहे, तीही संथ, एकसारख्या वेगात. त्याहून खोल किंवा जोरात गेलात आणि पाणी हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरलं, तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे बसत नाही, इंजिन प्रोटेक्ट अ‍ॅड-ऑन लागतो. बंद पडलेलं इंजिन तिथेच पुन्हा स्टार्ट केलं, तर अ‍ॅड-ऑन असूनही दाव्यावरून वाद होतो. लीजच्या विम्यात हा अ‍ॅड-ऑन आहे का, हे पॉलिसीचा कागद पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि पॉलिसी असते कंपनीच्या नावावर.

इंजिन वाचलं तरी डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी अ‍ॅक्सलमधली गिअरांची पेटी, उरतं. चालून तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा होण्याची वाट) किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल चहासारखं दुधाळ होतं, वंगण राहत नाही, बेअरिंग खात जातं. खोल पाण्यातून आल्यावर ड्रेन प्लग किंचित सैल करून ऑइलचा रंग बघायचा. दुधाळ असेल तर पुढचे-मागचे डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस, तिन्हींचं ऑइल बदलायचं. स्वतःची गाडी असेल तर हे एका सकाळचं काम आहे. लीजच्या गाडीला बाहेरच्या गॅरेजात प्लग उघडला की ‘अनधिकृत दुरुस्ती’. अधिकृत ठिकाणी नेलं तर वेळापत्रकाबाहेरचं काम म्हणून बिल तुमच्या नावावर.

पुढच्या अ‍ॅक्सलचा रबरी सीव्ही बूट (चाक फिरवणाऱ्या जॉइंटवरचं आवरण) दगडाने फाटतो. ग्रीस बाहेर येतं, चिखल आत जातो आणि काही दिवसांनी पूर्ण स्टिअरिंग कापून वळताना टकटक ऐकू येते. फाटल्याबरोबर बदलला तर खर्च बुटाचा, आवाज येईपर्यंत थांबलात तर पूर्ण जॉइंटचा. टायरचंही तसंच. चिखलात हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवतात, डांबरावर येण्याआधी कंप्रेसरने पुन्हा भरतात. बाजूच्या भिंतीला दगडाने चीर गेली तर पंक्चर निघत नाही, टायर टाकावाच लागतो. लीजच्या टायर पॅकेजमध्ये साधारणपणे किलोमीटरनुसार झालेली झीज धरतात, चीर नाही.

आणखी एक बिघाड नवख्यांकडून हमखास होतो. थार, जिम्नी, गुरखा या तिन्हींत पार्ट-टाइम (गरजेपुरती लावायची) फोर बाय फोर आहे, मध्ये सेंटर डिफरन्शियल नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. चिखलात टायर घसरून हा फरक जिरतो, कोरड्या डांबरावर जिरत नाही. ४एच (चारही चाकं) लावून त्र्यंबक रोडने घरी आलात तर ताण ट्रान्सफर केसमध्ये साठतो, लीव्हर २एचला (फक्त मागची चाकं) पडत नाही. सरळ रेषेत काही मीटर रिव्हर्स घेतलं की बहुधा सुटतो. रोज असंच चालवलं तर ट्रान्सफर केसचं नुकसान होतं आणि करारात त्याचं नाव ‘गैरवापर’.

मुदतीअखेरची तपासणी तर लीजमध्येच असते. तपासनीस गेजने टायरची खोली मोजतो, कायद्याला १.६ मिलिमीटर पुरते, करारात जास्त मागितलेली असू शकते. रिमच्या कडा, वाकलेली स्किड प्लेट, सायलेन्सरवरचे ओरखडे, दाराला बाभळीने पडलेल्या रेषा, कार्पेटखालची ओल आणि इंधन टाकीच्या वर अडकून वाळलेला चिखल, सगळं यादीत जातं. ‘साधी झीज’ म्हणजे काय ते कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. सही करण्याआधी ती पुस्तिका मागा.

बदलांनाही मज्जाव. टायरचा पॅटर्न, विंच, रॉक स्लायडर, स्नॉर्कल यातलं काहीही मूळ स्थितीत आणून द्यावं लागतं, तेही परवानगी मिळाली तर. गाडी स्वतःची असली तरी कायदा मोकळा सोडत नाही: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मूळ रचना बदलता येत नाही आणि बुलबारला २०१७ पासून बंदी आहे. पण कंपनीने मान्य केलेल्या मापातले ऑल-टेरेन टायर घालायला मालकाला कोणाला विचारावं लागत नाही.

“टॅक्स वाचतो”

कोणाचा? द्राक्ष बागायतदाराचं शेतीचं उत्पन्न मुळात प्राप्तिकरमुक्त आहे, त्यातून भाडं वजा करून वाचणार काय? अनुमानित पद्धतीने, म्हणजे ठरावीक टक्के नफा दाखवून विवरणपत्र भरणाऱ्या दुकानदाराला आणि डॉक्टरलाही वेगळा खर्च दाखवता येत नाही. वह्या ठेवणाऱ्या धंद्यात भाडं खर्ची पडतं, पण धंद्यापुरत्या वापराएवढंच. खरेदी केली तरी तिथे १५ टक्के घसारा आणि कर्जाचं व्याज वजा मिळतंच. जीएसटीचं क्रेडिट मिळेल असं सांगणाऱ्याला सीजीएसटी कायद्याचं कलम १७(५) दाखवा. चालकासह १३ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीच्या खरेदीवर तसं तिच्या लीजवरही क्रेडिट बंद आहे. अपवाद गाड्या विकणाऱ्यांचा, भाड्याने देणाऱ्यांचा, प्रवासी वाहतुकीचा आणि ड्रायव्हिंग स्कूलचा.

शिवाय महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर नोंदलेल्या गाडीला एकरकमी वाहन कर २० टक्के आहे. तुमच्या नावावर १० ते २० लाखांच्या डिझेल गाडीला १४ टक्के. फरक भाड्यात येतो. तो टाळायला दुसऱ्या राज्याच्या नंबरची गाडी देऊ केली, तर १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवल्यावर एमएच १५ ची नोंदणी करावीच लागते, आणि त्या वेळचा कर कोण भरणार हे करारात शोधा.

“कर्जावर घेतली तरी बँकेचीच”

नाही. आरसीवर नाव तुमचं असतं, बँकेचा फक्त बोजा. कर्ज फिटलं की बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन पेठ रोडच्या आरटीओत बोजा उतरवायचा. लीजमध्ये फेडण्यासारखं काही नसतं. जबाबदारी मात्र तुमचीच: मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत लीजवरच्या गाडीचा ‘मालक’ म्हणजे ती ताब्यात असणारा.

“सिंहस्थात भाड्याने लावा”

हा सल्ला सर्वांत धोक्याचा आहे. २०२७ च्या सिंहस्थात गाड्यांना मागणी असेलच, पण पांढऱ्या पाटीची खासगी गाडी परमिटशिवाय भाड्याने चालवणं हा गुन्हा आहे, दंड १०,००० रुपये आणि कैदेचीही तरतूद. खासगी गाडीची पॉलिसी भाड्याच्या वापराला लागूच होत नाही. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अपघात झाला आणि आत पैसे देऊन बसलेले भाविक असतील, तर भरपाईचा बोजा थेट तुमच्यावर येऊ शकतो. पोटभाड्याने देणं लीज करारातही मना असतं, गाडी जप्त करायला तेवढं कारण पुरतं. धरणाकाठी कृषी पर्यटन चालवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं; पाहुण्यांना फिरवायचे पैसे घेत असाल तर पिवळ्या पाटीची गाडी लागते.

लीज कोणाला परवडते? ज्याची कंपनी पगारातून लीजची सोय देते आणि ज्याची गाडी डांबरावरच राहते, त्याला. पावसाळ्यात चार-पाच रविवारच चिखलात जायचं असेल, तर लीजही नको आणि खरेदीही नको. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली सेल्फ-ड्राइव्ह गाडी दिवसाच्या भाड्याने घ्या, मात्र कच्च्या रस्त्याला परवानगी आहे हे लिहून घ्या. नुसता हात बसवायचा असेल, तर इगतपुरीत महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी आहे, तिथे त्यांच्याच गाड्यांवर शिकता येतं.

एवढं पाहूनही लीजच घ्यायची ठरली, तर पाच उत्तरं ईमेलवर मागा: वर्षाला किती किलोमीटर आणि त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला किती रुपये, कच्च्या रस्त्यावरचा वापर करारात चालतो का, विम्यात इंजिन प्रोटेक्ट आणि झीरो डेप (दाव्यातून घसारा न कापण्याची सोय) आहेत का, मुदतीआधी गाडी परत केली तर किती महिन्यांचं भाडं भरायचं, आणि मुदत संपल्यावर तीच गाडी विकत घ्यायची झाली तर किंमत आजच ठरणार की तेव्हा. शेवटच्या प्रश्नाला ‘तेव्हा बघू’ असं उत्तर आलं, तर सही करू नका.