टाकीत मेणबत्ती सोडायला सांगणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘इंजिनियरांनो, हे कॉलेजात शिकवत नाहीत’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. चाकणला नुकताच ट्रेनी म्हणून लागलेल्या माझ्या भाच्याने तो मला पाठवला, खाली प्रश्न: ‘मामा, खरंय का हे?’ मेसेजमध्ये पाच गोष्टी आहेत. सुरक्षेचा कायदा कामगारांसाठी, इंजिनियर म्हणजे मॅनेजमेंट. परमिटवरची (काम सुरू करायच्या लेखी परवानगीवरची) सही नावापुरती, जबाबदारी सेफ्टी ऑफिसरची. टाकीत उतरण्याआधी मेणबत्ती सोडा, विझली तर कटिंग सेटमधला (लोखंड कापायच्या गॅस-संचातला) ऑक्सिजन पाच मिनिटं सोडा. आत कोणी पडलं तर ओला रुमाल बांधून ताबडतोब उतरा. आणि काम नाकारलं की नोकरी गेली.

यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या मुद्द्याने माणूस मरेल, म्हणून आधी तेच घेतो.

मेणबत्ती विझते ती ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांपर्यंत उतरल्यावर. माणूस आत पाठवायचा तर निदान १९.५ टक्के ऑक्सिजन लागतो. म्हणजे ज्योत छान तेवत असताना आतल्या माणसाचं डोकं चालेनासं झालेलं असतं. हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचं तर विचारूच नका. ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) टाकीत गाळ ढवळला की तो भसकन सुटतो. ५०० पीपीएम (दहा लाखांत ५०० भाग) म्हणजे हवेच्या ०.०५ टक्के, ज्योतीला याचा पत्ताही लागत नाही, माणूस मात्र कोसळतो. ‘वास येईलच की’ म्हणणारेही भेटतात. १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं आणि वास ‘गेला’ असं वाटतं. टाकीत टोल्युइन किंवा मिथेनॉल अशा ज्वलनशील द्रवाची वाफ असेल, तर त्या मेणबत्तीनेच स्फोट होईल.

ऑक्सिजन सोडण्याचा सल्ला याहून भयंकर. प्रमाण २३.५ टक्क्यांच्या वर गेलं की कपडे, केस, ग्रीस एका ठिणगीने भडकतात, आणि तो कपड्यांत मुरून राहत असल्याने बाहेर आल्यावरही धोका टळत नाही. विषारी वायू तर जागच्या जागीच राहतो. हवा खेळवायची ती साधी, ब्लोअरने, डक्टचं तोंड तळापर्यंत नेऊन.

मग करायचं काय? व्हेसलला (म्हणजे टाकीला) जोडलेली प्रत्येक लाइन, विशेषतः नायट्रोजनची, सोडवायची किंवा तिच्यात ब्लाइंड, म्हणजे लाइन पूर्ण बंद करणारी लोखंडी चकती, टाकायचा. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही. व्हॉल्व्ह पास होतात, म्हणजे बंद असूनही गळतात. ॲजिटेटरच्या (आतल्या ढवळणीच्या) ब्रेकरला कुलूप, किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात. गॅस डिटेक्टरची बंप टेस्ट (थोडा चाचणी-वायू देऊन तो चालतोय का ते बघणं) झाली की मॅनहोलबाहेरूनच नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजायचं, कारण मिथेन वर जमतो आणि हायड्रोजन सल्फाइड खाली. आधी ऑक्सिजन बघा. तो कमी असला की ज्वलनशील वायूचा सेन्सर खोटाच कमी आकडा दाखवतो. ज्वलनशील वायू एलईएलच्या (पेट घ्यायला लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या) १० टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमखाली. चहाला बाहेर आलात तर परत उतरण्याआधी परत मोजणी.

ओला रुमाल! पाण्यातून ऑक्सिजन मिळत नाही, काडतुसाच्या (हवा फक्त गाळणाऱ्या) मास्कमधूनही नाही. नायट्रोजनने भरलेल्या व्हेसलमध्ये दोन श्वासांत शुद्ध जाते. बंदिस्त जागेतल्या मृत्यूंत ६० टक्क्यांहून जास्त माणसं वाचवायला उतरलेली असतात, असं अमेरिकेच्या निऑश (NIOSH) या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ सालीच छापलंय. म्हणून आत जाणाऱ्याला आधीपासूनच हार्नेस आणि दोर, वर ट्रायपॉड (तिपाई) आणि विंच (दोर ओढायचं यंत्र). मॅनहोलवरच्या माणसाने बाहेरूनच ओढायचं, आरडाओरडा करायचा, आत जायचं नाही. उतरायचंच झालं तर स्वतंत्र हवेचा सिलिंडर पाठीवर असलेल्या, शिकवलेल्या माणसाने. हे काही नवं नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ मध्येही हवेच्या चाचणीवर आधारलेला लेखी दाखला, नाहीतर श्वसनयंत्र आणि बाहेरच्या माणसाने धरलेला दोर, असंच होतं.

आता पहिला मुद्दा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा संहिता, २०२० लागू आहे. तिचं कलम १४ ‘कर्मचाऱ्या’ला हक्क देतं, आणि कर्मचाऱ्याच्या व्याख्येत तांत्रिक, पर्यवेक्षकीय, व्यवस्थापकीय काम करणारे सगळे येतात. ट्रेनीच्या वरचा मॅनेजरसुद्धा. शिवाय कलम ९ मध्ये बांधकामाच्या प्रोजेक्ट इंजिनियरवर आखणीच्या टप्प्यापासून सुरक्षेचा विचार करण्याचं कर्तव्य टाकलंय.

दुसरा मुद्दा दोन ओळींत संपतो. मुख्य जबाबदारी मालकाचीच, पण कलम १३ प्रमाणे आपल्या कृतीने किंवा हलगर्जीपणाने दुसऱ्याला इजा होऊ नये ही काळजी प्रत्येकाने घ्यायची आहे. टेबलावर बसून परमिट सही करणारा सेफ्टी ऑफिसरकडे बोट दाखवून सुटत नाही.

पाचव्यात थोडं तथ्य आहे, मान्य करावं लागेल. ‘मी काम थांबवतो’ असा सरसकट हक्क कलम १४ मध्ये शब्दशः लिहिलेला नाही, आणि तोंडी नकार देणाऱ्याला उद्धट ठरवणं सोपं असतं. पण जिवाला तातडीचा धोका वाटला तर मालकाला कळवता येतं आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही. मालकाला पटलं तर ताबडतोब उपाय करून अहवाल पाठवायचा. पटलं नाही तरी प्रकरण निरीक्षकाकडे पाठवावंच लागतं, निर्णय त्याचा. तेव्हा लेखी कळवा. मेलमध्ये परमिट नंबर, व्हेसलचा टॅग, तारीख-वेळ, डिटेक्टरवरचे आकडे, कुठली लाइन ब्लाइंड केलेली नाही ते, आणि ‘हे पूर्ण होईपर्यंत परमिटवर सही करत नाही’ एवढं एक वाक्य. प्रत कारखान्याच्या सुरक्षा समितीच्या सदस्याला.