साडेबारा पळांत येतो

घरात मुलांची नवी पुस्तकं आली की वाचकाचा आनंद गगनात मावत नाही. जे मावत नाही ते उचलायला मी असतो. वाचकमहाशयांचं वय दहा, हातात कटर आणि खोक्याची मधली चिकटपट्टी एका दमात फाडायची घाई. त्या पट्टीखाली नेमकं सगळ्यात वरचं पुस्तक असतं. म्हणून पातं जेमतेम दोन मिलिमीटर बाहेर काढायचं, आधी कडेच्या पट्ट्या कापायच्या, मधली सर्वांत शेवटी. हे मी सांगून संपवेपर्यंत मुखपृष्ठावरच्या सेनापतीच्या गालावर ताजा वार झालेला असतो. ऐतिहासिक कादंबरीत तो खपून जातो, एवढाच दिलासा.

मग पुस्तक उघडणं. कण्याला गरम गोंद लावून चिकटवलेलं पुस्तक नवंकोरं असताना मधोमध ताणलं की ‘कट्’ असा आवाज येतो. तो गोंद तडकल्याचा. पुढे नेमकं खलनायकाचं नाव फुटणारं पान तिथून गळून पडतं. खरी पद्धत अशी: पुस्तक कण्यावर उभं धरायचं, दोन्ही मुखपृष्ठं टेबलावर पाडायची, मग पुढची दहा पानं, मागची दहा पानं, पुन्हा पुढची, पुन्हा मागची, असं कण्यालगत बोट फिरवत मध्यावर यायचं. याला दोन मिनिटं लागतात. वाचकमहाशयांकडे इतका वेळ कुठला!

त्यानंतर फर्मे. छापील कागदाला तीन घड्या पडल्या की सोळा पृष्ठांचा एक फर्मा होतो, म्हणून सबंध पुस्तक चाळायची गरज नसते. 16 नंतर 17, 32 नंतर 33, 48 नंतर 49 आलं का, एवढे सांधे पाहिले की झालं. कधी एखादा फर्मा दोनदा बांधला जातो आणि पुढचा गायब होतो. हे आधी पाहावं, कारण पुस्तकावर एकदा नाव घातलं की ते कोणी परत घेत नाही. आणि वाचकमहाशय नाव आधी घालतात.

पण हा झाला हमालीचा भाग. खरी परीक्षा ‘हे खरं आहे का?’ या प्रश्नापासून सुरू होते. परीकथेत हा प्रश्न येत नाही. ऐतिहासिक कादंबरीत दर तिसऱ्या पानाला येतो. त्यामुळे अशी पुस्तकं मी शेवटाकडून उघडतो. खरं काय, रचलेलं काय, हे सांगणारी लेखकाची टीप मागे असली तर निम्मी लढाई जिंकली. नकाशाही बघतो. दोन पानांवर पसरलेल्या नकाशात राजधानी हमखास मधल्या खाचेत गडप झालेली असते. शत्रूला सापडत नाही, वाचकालाही नाही.

मग कालविसंगतीची शिकार. 1492 पूर्वीच्या युरोपीय राजाच्या मेजवानीत बटाटा, टोमॅटो किंवा मिरची दिसली की पेन्सिलीने फुली. ही मंडळी कोलंबसानंतर अमेरिकेतून आली. घासून पेटणारी काडी 1827 मध्ये विकायला आली, टपालाचं तिकीट 1840 मध्ये. त्यामुळे मध्ययुगीन गुप्तहेराने काडी ओढून दिवा लावला की माझं डोकं दिव्याआधी पेटतं. त्याचा घोडा रात्रभर चौखूर धावतो. खरा घोडा तसा काही किलोमीटर धावेल आणि मग ‘उतरा आता’ म्हणेल.

सगळ्यांत छळवादी म्हणजे दहाव्या शतकातला पोरगा. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून पळतो! घड्याळात मिनिटकाटा सर्रास दिसू लागला तो 1656 मध्ये लंबकाचं घड्याळ आल्यानंतर. मराठीत सोय आहे, घटका आहे, पळ आहे. पण घटका चोवीस मिनिटांची आणि पळ चोवीस सेकंदांचं, तेव्हा चोख भाषांतर ‘साडेबारा पळांत येतो’ असं होईल. असं बोलणाऱ्या मुलाला कुठल्या राजाने दरबारात ठेवलं असतं? ‘आलोच’ म्हटलं की शतक कुठलंही चालतं.

आणि हा पोरगा असतो नेहमी पडद्यामागे. जगातले सगळे तह, कट आणि फितुऱ्या बारा वर्षांच्या मुलांनी पडद्याआडून ऐकलेल्या आहेत. वाचक दहाचा असला की नायक बाराचा. मुलांना आपल्याहून थोडा मोठा सोबती लागतो, हे प्रकाशक पक्कं जाणून असतात. त्या बिचाऱ्याला मोहिमेवर पाठवायचं तर आधी आईबापांची काहीतरी सोय लावावी लागते. पहिल्या प्रकरणातली रोगाची साथ बहुधा त्यासाठीच येते.

‘ऐतिहासिक म्हणजे किती जुनं?’ हाही प्रश्न येतो. वॉल्टर स्कॉट या कादंबरीकाराच्या नावाचा, ऐतिहासिक कादंबरीसाठीचा इंग्रजी पुरस्कार निदान साठ वर्षांपूर्वीची गोष्ट मागतो. हे ऐकल्यावर वाचकमहाशय माझ्याकडे बघत बोटं मोजू लागतात, तेव्हा मी विषय बदलतो.

राहिला तो दुबार फर्मा. 48 नंतर पुन्हा 33 आलं, 49 ते 64 गायब, तर ती प्रत सदोष. मी खोकं पुन्हा बांधायला घेतो आणि वाचकमहाशय पुस्तक छातीशी धरून बसतात. 46 व्या पानावर घोडा मेलेला असतो. या प्रतीत तो दोनच पानांनंतर पुन्हा गवत खात उभा असतो.