रानातली म्हणून शुद्ध? अळंबीच्या बाबतीत तसं नसतं

पाऊस स्थिरावला, वारुळांवर छत्र्या दिसायला लागल्या की व्हॉट्सअ‍ॅपवरही एक मजकूर दरवर्षी उगवतो. यंदा तो मला तीन ग्रुपवर आला, शिवाय मावशीने वेगळा पाठवला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: रानअळंबीला खत नाही, फवारणी नाही, म्हणून ती शंभर टक्के शुद्ध. शिजवताना लसूण किंवा चांदीचं नाणं घाला, काळं पडलं नाही तर निर्धास्त खा. तरी शंका वाटली तर उकळून पाणी ओतून द्या, सगळं विष निघून जातं. आणि तिच्यात सेलेनियम, जस्त इतकं की औषधांची गरजच नाही.

मी स्वतः कांदा-खोबऱ्याच्या वाटणातल्या अळंबीसाठी मुंबईहून गावी जाणाऱ्यांपैकी आहे. पण हा मजकूर पुढे ढकलायला हात धजत नाही.

आधी त्या शुद्धतेचं बघू. ‘खत नाही म्हणून शुद्ध’ हा पालेभाजीला लावायचा हिशेब आहे. कॅडमियम, पारा, शिसं, आर्सेनिक ही काही फवारणीतून येणारी द्रव्यं नव्हेत. ती खडकात आणि मातीत मुळातच थोडी असतात, वर खाणीची धूळ आणि चिमणीचा धूर यांची भर पडते. आपण खुडतो ती छत्री म्हणजे नुसतं फळ. खरी बुरशी जमिनीत बारीक तंतूंचं जाळं पसरून बसलेली असते आणि त्या पसाऱ्यातून जे ओढेल ते छत्रीत आणून भरते. काय ओढायचं ते जातीवर ठरतं. युरोपातल्या कुरणांत उगवणारी अ‍ॅगॅरिकस अर्व्हेन्सिस ही आपल्या बटण मशरूमची जवळची नातेवाईक. ती स्वच्छ जमिनीतूनही कॅडमियम गोळा करते, एक किलो सुक्या वजनात ५० मिलिग्रॅमसुद्धा. इटलीत जिला पोर्चिनी म्हणतात ती बोलेटस एड्युलिस पारा आणि सेलेनियम साठवते. जांभळी लॅकेरिया आर्सेनिक साठवते. म्हणूनच युरोपीय संघाने कॅडमियमची मर्यादा ठरवताना लागवडीच्या बटण मशरूमला ताज्या वजनात किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम ठेवली आणि रानातल्या अळंबीला ०.५०, म्हणजे दहापट. रानातलीला सवलत द्यावी लागली, कारण तिच्यात ते जास्त असतंच.

आता बव्हेरियाचं जंगल घ्या. तिथे ना खत, ना फवारणी. २६ एप्रिल १९८६ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली आणि काही दिवसांत दक्षिण जर्मनीवर पडलेल्या पावसाबरोबर किरणोत्सारी सिझियम-१३७ खाली आलं. तेही एक धातूच. शेतात ते नांगरटीत खोल गेलं, चिकणमातीने घट्ट धरून ठेवलं. पिकांत फारसं उतरत नाही. जंगल कोण नांगरणार? तिथे पालापाचोळ्याच्या वरच्या थरात सिझियम फिरत राहिलं आणि अळंबीची जाळीही नेमकी त्याच थरात. बे बोलेट नावाच्या अळंबीच्या टोपीतलं रंगद्रव्यच सिझियमला धरून ठेवतं. सिझियम-१३७चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे ३० वर्षं, त्यामुळे तिथल्या काही रानअळंब्यांत ते आजही सापडतं, आणि जमिनीतली हरीण-ट्रफल नावाची बुरशी उकरून खाणाऱ्या रानडुकरांच्या मांसातही. शेतातलं धान्य केव्हाच सुटलं, रानातली अळंबी अडकून राहिली. ‘रान म्हणजे शुद्ध’ म्हणणाऱ्यांना मी एवढी एकच गोष्ट सांगतो.

लसूण आणि नाण्याबद्दल काय बोलायचं! चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. उकडलेल्या अंड्यानेही पडते. अमानिता फॅलॉइडीस या जीवघेण्या अळंबीने ती काळी पडत नाही, कॅडमियमने तर नाहीच. या परीक्षेवर भरवसा ठेवून माणसं दगावली आहेत.

उकळण्यात मात्र थोडं तथ्य आहे, आणि ते मान्य करायला हवं. सिझियम पोटॅशियमसारखं वागतं, उकळलं की बरंचसं पाण्यात उतरतं. पारा आणि कॅडमियम तसे सुटत नाहीत, पेशींतल्या गंधकयुक्त रेणूंना चिकटून बसतात. शिवाय उकळल्यावर अळंबीतलं पाणी निघून ती आक्रसते, त्यामुळे ग्रॅमामागचं प्रमाण उलट वाढूही शकतं. वाळवणाचं तर बोलायलाच नको.

सेलेनियम पोर्चिनीत भरपूर असतं हे खरं. पण त्यातलं शरीराला फार कमी लागू पडतं. आणि जस्त ओढणारं जाळं कॅडमियमही ओढतं. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोघं सख्खे शेजारी.

मग खायचीच नाही का? हल्ली उलटा मजकूरही फिरतो, ‘अळंबी म्हणजे विषारी धातूंचं कोठार’. त्यातले आकडे बहुधा सुक्या वजनाचे असतात. ताज्या अळंबीत जवळपास ९० टक्के पाणी, म्हणजे ताटातला आकडा दहाने भागायचा. हिशेब करून बघा. युरोपीय अन्नसुरक्षा यंत्रणेने कॅडमियमची आठवड्याची मर्यादा किलो वजनामागे २.५ मायक्रोग्रॅम धरली आहे. ६० किलोच्या माणसाला १५०. किलोत ०.५० मिलिग्रॅम कॅडमियम असलेली ताजी अळंबी ३०० ग्रॅम खाल्ली की तेवढं होतं. अर्व्हेन्सिसचा वरचा आकडा धरला तर ३० ग्रॅमच पुरे. पण ही मर्यादा जन्मभर आठवड्याला आठवडा खाण्याची आहे. मूत्रपिंडात कॅडमियम दहा ते तीस वर्षं मुक्काम करतं, म्हणून ती इतकी कडक. आपला वारुळावरच्या अळंबीचा मोसम दोन-चार आठवड्यांचा. गोव्यातली अळमी काय किंवा विदर्भातल्या सात्या काय, वर्षातून चार जेवणांनी कुणाचं मूत्रपिंड जात नाही.

प्रश्न जागेचा उरतो. वाळवी खोलवरची माती वर आणून वारूळ रचते, म्हणून वारूळ कुठल्या जमिनीवर आहे ते मी विचारतो. खाणपट्ट्यातलं, कारखान्याच्या सांडपाण्याजवळचं, जुन्या हमरस्त्याच्या कडेचं नको. शिशाचं पेट्रोल देशात २०००मध्ये बंद झालं, पण कडेच्या मातीतलं शिसं कुठे जाणार?

परवा नाक्यावर पानात अळंबी घेऊन बसलेल्या आजींना विचारलं, ‘‘खंयची ही?’’ त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘‘वरच्या सड्यावरची. रस्त्याकडची मी घरातसुद्धा हाडत नाय.’’ दोन जुड्या घेतल्या आणि मावशीला हेच सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, मजकूर काढून टाकते, पण जुडी एक तिकडे पाठव.